अर्ध्या घराला सुई

थोरल्या मायच्या तोंडी साल कधी आकड्यात येत नसे. कुणाचं लग्न ‘पहिल्या प्लेगात’ झालेलं, कुणाचा जन्म ‘मानमोडीच्या मागच्या दिवाळीत’. हिंगोलीकडच्या पुसेगावातल्या आमच्या घराची सगळी वंशावळ अशी साथींवर टांगलेली. १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, तिनं लहानपणी पाहिली होती. प्लेग मात्र तिच्या सासूनं पाहिलेला. तरी सांगायला बसली की आढ्यावरून पडलेला उंदीर जणू तिच्याच पदरात पडला होता.

उंदीर गरगरत खाली आला आणि मेला, की गाव सोडायचं. दाराला कडी घालून जनावरं, जातं, दाणे घेऊन माळावर जायचं आणि कडब्याच्या झोपड्या घालायच्या. काखेत नाहीतर जांघेत गाठ आली की त्या झोपडीकडे कुणी फिरकत नसे. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. एके दिवशी माळावर पटवाऱ्याबरोबर टोचणारा माणूस आला. बायाबापड्या रानात पळाल्या. माझ्या पणज्यानं दोन्ही पोरं रिकाम्या कणगीत बसवली आणि वर झाकण ठेवलं. मग पहिला हात कुणाचा पुढं झाला? गावच्या जागल्याचा.

“त्याला कोण इचारतं माय! पाटलानं सांगितलं, त्यानं बाही वर केली.”

गाव आठवडाभर जागल्याकडे बघत राहिलं. त्याला ताप आला, दंड सुजला, पण माणूस उठून कामाला लागला. तेव्हा कुठं चार घरं तयार झाली. कणगीतल्या पोरांना सुई लागली नाही ती नाहीच. त्यातलं एक पोर म्हणजे माझा आजा. तो ऐंशी ओलांडून गेला, हे थोरली माय आवर्जून सांगे. सुई न घेताही माणूस जगतो, हा तिचा पुरावा!

गोष्टीला सत्तर वर्षांत मीठमसाला लागला असणार. पण पुढं मुंबईच्या प्लेगाबद्दल वाचायला लागलो, तेव्हा मला सारखा तो जागल्या दिसायला लागला.

वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आला. ओडेसात जन्मलेला, पॅरिसला पाश्चर संस्थेत काम केलेला माणूस. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेत त्याला एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तेवढ्यावर त्यानं काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथं ही लस माणसांच्या गटावर पहिल्यांदा तपासली गेली. टोचून घेतलेल्या १४७ कैद्यांपैकी दोघांना प्लेग झाला, मेलं कुणी नाही. न टोचलेले १७२ होते. त्यांतल्या १२ जणांना झाला आणि ६ गेले.

कैदी राजीखुशीनं पुढं आले, अशी नोंद आहे. तुरुंगातल्या माणसाची राजीखुशी ती काय, असं मला प्रथम वाटलं. आमच्या जागल्याची होती तेवढीच असणार. पण आकडे पुन्हा बघा. निम्म्याहून जास्त कैदी बिनटोचलेले राहिले. तुरुंगाच्या भिंतीआडही काहींना ‘नको’ म्हणता आलं होतं. आमच्या माळावर जागल्याला ते म्हणता आलं नाही.

हाफकिनचा मला सगळ्यात अडवून ठेवणारा प्रयोग तुरुंगातला नाही, बडोदा संस्थानातल्या उंधेरा या खेड्यातला आहे. साल १८९८. तिथं घराघरांत जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना तसंच ठेवलं. घर एक, चूल एक, उंदीरही तेच, फरक फक्त सुईचा. पुढं प्लेग २८ घरांत आला. या घरांतल्या ७१ टोचलेल्यांपैकी ८ जण आजारी पडले, ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ गेले.

हे आकडे मी भराभर वाचून पुढं जाऊ शकत नाही. कोणाला टोचायचं, कोणाला सोडायचं, हे त्या ओट्यांवर कसं ठरलं असेल? थोरला पुढं झाला असेल का, सून मागं राहिली असेल का? आमच्या घरी हा प्रसंग आला असता तर कणगीत पोरं बसली असती, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि तरीही त्या २८ घरांनीच लस चालते हे दाखवून दिलं. मुंबईत खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनी चारचौघांत सुई टोचून घेतली आणि त्यांच्यामागं त्यांचे लोक गेले. पण पाहून विश्वास बसणं वेगळं, आणि मोजून कळणं वेगळं. मोजायला कुणीतरी ‘बिनसुईच्या’ रांगेतही राहावं लागतं.

विश्वास तुटायलाही वेळ लागत नाही. १९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. चूक त्या गावी बाटली उघडताना झाली होती, पण ठपका हाफकिनवर आला आणि तो पुसायला काही वर्षं गेली.

आता २०२०वर येतो. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांमुळं हिंगोलीत करोनाचे रुग्ण वाढले, तेव्हा आमच्याकडं शिवेवर काट्या पडल्या. पुण्याहून आलेली पोरं शाळेत, नाहीतर शेतातल्या आखाड्यावर. थोरली माय असती तर तिनं कडबा मोजून दिला असता.

त्या डिसेंबरात मुंबईत नोकरीला असलेला माझा पुतण्या जे. जे. रुग्णालयात कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत गेला. जे. जे. म्हणजे तेच ग्रँट मेडिकल कॉलेजचं आवार. हाफकिनची खोली तिथंच होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी त्यानं टोचून झाल्यावर सांगितलं. आमचे नाना, त्याचे आजोबा, फोनवर तडकले.

“तुला लस टोचली का पाणी?”

“माहीत नाही नाना. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतंच.”

“मंग डॉक्टरला तरी ठावं असंल.”

“त्यालाही नाही.”

“मंग ठावं कोणाला?”

“कंप्युटरला.”

नानांनी फोन माझ्या हातात दिला.

पुतण्यानं मला सगळं नीट सांगितलं. मराठीतलं संमतीपत्र पानंच्या पानं होतं. डॉक्टरनं ते त्याच्याशेजारी बसून वाचलं आणि कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येईल, हे दोनदा सांगितलं. सहीची एक प्रत त्याला मिळाली. रक्त आणि घशातला नमुना घेतला, सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवलं, घरी ताप लिहायला एक वही दिली. २८ दिवसांनी दुसरी सुई. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाला, “वाटली. पण ‘नाही’ म्हणायची सोय होती, म्हणून ‘हो’ म्हणालो.” देशभरात असे सुमारे २५,८०० जण होते. आजारी पडलेल्या १३० जणांना काय टोचलं होतं ते उघड केलं, तेव्हा २४ लसवाले निघाले आणि १०६ बिनलसवाले. उंधेऱ्याचीच रीत, फक्त या खेपेला एकाच छपराखाली दोन रांगा केल्या नव्हत्या.

गंमत म्हणजे हे आकडे यायच्या आधीच, जानेवारी २०२१मध्ये, त्याच लसीला ‘चाचणीच्या स्वरूपात’ परवानगी मिळाली. रांगेत उभं राहून लस घेणाऱ्यांकडूनही संमतीपत्र भरून घेत. पण तिथं तुलनेला दुसरी रांगच नव्हती. याला चाचणी का म्हणायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग एप्रिल आला. माझा मामा हिंगोलीत ऑक्सिजनवर आणि त्याची दोन पोरं रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या घेऊन नांदेड, वाशीम पालथी घालत होती. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीनं आदल्या ऑक्टोबरातच सांगितलं होतं, की या औषधानं मृत्यू फारसे टळत नाहीत. भारतातली त्या चाचणीची जुळवाजुळव आपल्या पुण्यातल्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेकडे होती. प्लाझ्माचंही तसंच. ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांनी संमती दिली, म्हणून त्याचा उपयोग नाही हे २०२०मध्येच कळलं. तरी मे २०२१च्या मध्यापर्यंत तो सरकारी उपचारांच्या यादीत होता आणि आमच्या व्हॉट्सॲपवर दात्यांचे नंबर फिरत होते. मामाच्या कागदांत डेक्सामेथासोनही लिहिलेलं होतं. ब्रिटनमधल्या सहा हजारांवर रुग्णांनी चाचणीत नाव घातलं, म्हणून ऑक्सिजनवरच्या माणसाला ते तारतं हे कळलं होतं. त्या स्वस्तातल्या औषधासाठी कुणी धावलं नाही. ते मिळतच होतं.

खेड्यातली माणसं चाचणीला घाबरतात, असं शहरात सहज म्हणतात. मला हे पटत नाही. मामाच्या पोरांनी त्या पंधरवड्यात बापावर काय काय करून पाहिलं! सांगितलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक काढा, शेवटी मरीआईचा नवसही. सगळे प्रयोगच की. फक्त कुणी मोजत नव्हतं, म्हणून त्यातून पुढच्याला काही कळलं नाही. मामा उठला. कशानं उठला, यावर घरात आजही चार मतं आहेत.

पुसेगावात चाचणीसाठी विचारायला कुणी आलंच नाही. मुंबई, पुणे, नागपूर, सेवाग्राम, जिथं मोठं रुग्णालय आणि नैतिकता समिती, तिथं चाचण्या. जागल्याच्या काळी न विचारता हात ओढला, आमच्या काळी विचारायचंच राहिलं.

लसीकरणाला आशाताई दारात आल्या, तेव्हा नानांनी बाही वर करण्याआधी विचारलं, “हे तपासलेलं हाय का तपासायचं हाय?” तपासलेलं आहे, म्हटल्यावर टोचून घेतलं. २०२४मध्ये हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता पुढच्या साथीत चाचणी इथंही होईल, तुम्हाला विचारतील. नाना म्हणाले, “इचारू दे. पण नातवाला केलं तसं, शेजारी बसून सगळं वाचून दाखवावं लागंल. मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”