रूपबदलू यंत्रमानव : एका खेळण्याची तीन रूपे आणि त्यांची पारख

सिकंदराबाद हे रेल्वेचे शहर आहे. १८७४ मध्ये वाडीहून निघालेला निजामाच्या रेल्वेचा मार्ग येथवर पोचला आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. वास्कोहून थेट गाडीने येथे उतरणारा गोमंतकीय प्रवासी परतीच्या आधी जनरल बाजाराकडे वळतो, नाहीतर मुशी ओलांडून हैदराबादच्या बाजारपेठांत फेरफटका मारतो. घरी मुले वाट पाहत असतात आणि हल्ली त्यांची मागणी बहुधा ठरलेली असते. खोक्याच्या एका कोपऱ्यात वाघ, दुसऱ्या कोपऱ्यात मोटार आणि मधोमध छाती काढून उभा असलेला यंत्रमानव! शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांवर चित्रे जवळजवळ सारखीच असतात, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असते. हा फरक नावाचा आहे, प्लॅस्टिकचा आहे की केवळ विक्रेत्याच्या धारिष्ट्याचा, हे खोक्यावरून कळत नाही. खेळणे हाती घेऊन त्याचे सांधे फिरवल्यावरच ते उमगते.

‘ट्रान्सफॉर्मर’ म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आधी वीजखात्याचे रोहित्र उभे राहते. मुलांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. कोणताही भाग न काढता, केवळ घड्या घालून, वळवून आणि सरकवून ज्याचे एक रूप मोडते व दुसरे सिद्ध होते, ते रूपबदलू खेळणे. ‘भाग न काढता’ ही अट महत्त्वाची आहे. हात उपसून चाकाच्या जागी बसवायचे असतील तर ते जोडखेळणे झाले. त्याला रूपांतर म्हणता येत नाही. या विषयातले जाणकार अशा तडजोडीला सहसा क्षमा करीत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण सुटा झालेला भाग आठवडाभरात कपाटाखाली जातो.

या खेळण्यांचा उगम जपानमध्ये झाला. १९७५ च्या ‘युशा रायदीन’ या मालिकेतील यंत्रमानव पक्ष्याचे रूप घेत असे आणि पॉपी या कंपनीने त्याचे खेळणे बाजारात आणले. पुढे १९८० मध्ये ताकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ ही खेळणीमाला सुरू झाली. तिच्यातील मोटारींत बोटाच्या पेराएवढा चालक बसवता येई, म्हणून त्या मोटारी प्रमाणाला धरून बनवलेल्या असत. १९८३ मध्ये त्याच कंपनीने ‘मायक्रो चेंज’ ही दुसरी माला काढली. तिच्यात कॅसेट, पिस्तूल, कॅमेरा अशा घरगुती वस्तू यंत्रमानव होत. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने या दोन्ही मालांतील साचे घेऊन १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे नाव रूढ केले. मार्व्हल कॉमिक्सचे बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे आणि स्वभाव दिले. मालट्रकएवढा ऑप्टिमस प्राइम आणि पिस्तूल होणारा मेगाट्रॉन यंत्रमानवाच्या रूपात समान उंचीचे वैरी कसे ठरतात, हे कोडे दोन मालांच्या या एकत्रीकरणातूनच जन्मले. कथेने ते कधी नीट सोडवले नाही. मुलांनी त्याची पर्वाही केली नाही. त्याच सुमारास टोंका कंपनीने जपानी ‘मशीन रोबो’ खेळणी ‘गोबॉट्स’ या नावाने विकली. ती सुटसुटीत आणि स्वस्त होती, परंतु स्पर्धेत मागे पडली आणि १९९१ मध्ये टोंकाच हॅस्ब्रोच्या ताब्यात गेली.

१९८५ मध्ये डायनोबॉट्स आले. त्यांचा म्होरक्या ग्रिमलॉक टायरॅनोसॉरसचे रूप घेतो. मात्र प्राण्यांना मध्यवर्ती स्थान मिळाले ते १९९६ च्या ‘बीस्ट वॉर्स’ या मालेत. ऑप्टिमस प्राइमच्या परंपरेतला ऑप्टिमस प्रायमल येथे गोरिला झाला आणि मोटारी जवळजवळ हद्दपार झाल्या. जुन्या चाहत्यांना हा बदल प्रथम रुचला नाही. परंतु खेळण्यांच्या रचनेच्या दृष्टीने तो मोठा टप्पा ठरला, कारण तोवर यंत्रमानवाचे हात-पाय बहुधा बिजागरीच्या सांध्यांवर हलत. आता उखळीच्या सांध्यांचा मुक्त वापर सुरू झाला. मानवी शरीरातील खांद्याप्रमाणे हा सांधा चारी दिशांना फिरतो, त्यामुळे खेळणे धावण्याच्या, वाकण्याच्या, झेप घेण्याच्या पवित्र्यात उभे राहू लागले. २००७ पासूनच्या चित्रपटांनी मोटारींना पुन्हा अग्रस्थान दिले. २०२३ च्या चित्रपटात गोरिला आणि चित्ता परतले, आणि दुकानांतही प्राणी व वाहने एकाच फळीवर दिसू लागली.

गोव्याचा या उद्योगाशी असलेला संबंध अनेकांना ठाऊक नसतो. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. जी. आय. जो या सैनिक बाहुल्या फनस्कूलने भारतात घडवून विकल्या. नव्वदच्या दशकातील भारतीय बालपणात त्यांचे स्थान मोठे आहे आणि परदेशी संग्राहकही त्या शोधत असतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. चांगले रूपांतर कशाला म्हणावे? वाहन म्हणजे मूलतः एक पेटी. तिच्या भिंती बाहेरच्या बाजूस वळतात आणि आतला मानव मोकळा होतो. अडचण भिंतींची असते. छप्पर, दारे, टप यांना यंत्रमानवाच्या शरीरात जागा सापडली नाही की ती पाठीवर किंवा दंडावर लोंबत राहतात. उत्तम रचनेत बॉनेटची छाती होते, दारे पंखांसारखी शोभतात आणि चाके पोटऱ्यांत मुरतात. सुमार रचनेत मात्र माणूस मोटारीचे ओझे पाठीवर घेऊन उभा असल्यासारखा दिसतो. १९८४ च्या ऑप्टिमस प्राइमची रचना आजही अभ्यासण्याजोगी वाटते ती यामुळेच: ट्रकच्या काचा सरळ छातीवर येतात आणि त्या तेथे उपऱ्या वाटत नाहीत.

प्राण्याची गोष्ट वेगळी आहे. चतुष्पादाला चार पाय, पाठीचा कणा आणि मान आधीच असते, म्हणून त्याचे मानवरूप करणे वरवर सोपे दिसते. या सोपेपणातच फसगत आहे. अनेक स्वस्त खेळण्यांत यंत्रमानवाला नुसते रांगायला लावून पाठीवर वाघाचे तोंड चिकटवलेले असते. मागच्या पायांचे गुडघे माणसासारखे पुढे वळतात आणि वाघ वाघ न वाटता गुडघ्यांवर बसलेला पहिलवान वाटतो. ग्रिमलॉकच्या जुन्या साच्यात शेपटी दुभंगून यंत्रमानवाचे पाय होतात. प्राण्याचा एक अवयव मानवात सर्वस्वी दुसरे काम करू लागतो. खरे रूपांतर ते हेच. नृसिंहाची कथा ऐकून वाढलेल्या मुलांना अर्धा पशू आणि अर्धा नर ही कल्पना नवी नसते. परंतु खेळण्यात दोन्ही अर्ध्यांना पूर्ण व्हावे लागते.

तीन रूपांची खेळणी ही सर्वांत कठीण जात. १९८५ चा ॲस्ट्रोट्रेन वाफेचे इंजिन, अंतराळयान आणि यंत्रमानव अशी तीन रूपे घेतो. ब्लिट्झविंग विमान आणि रणगाडा होतो. तीनपैकी एक रूप नेहमी लंगडे पडते, असा या जातीचा अनुभव आहे. ॲस्ट्रोट्रेनचे इंजिन पाहिले की अंतराळयानाचे पंख कोठे दडवले आहेत हे लगेच दिसते. म्हणून प्राणी, वाहन आणि मानव अशी तिन्ही रूपे एकाच किमतीत देऊ करणाऱ्या खोक्याविषयी थोडा संशय बाळगावा. रेल्वेच्या शहरात आणखी एक उल्लेख करण्याजोगा आहे. जपानमध्ये ‘शिंकालियन’ या मालेत प्रत्यक्ष धावणाऱ्या बुलेट ट्रेनची रूपे यंत्रमानवांना दिली आहेत. लांब, निमुळत्या गाडीतून रुंद खांद्यांचा योद्धा निघणे हे रचनाकाराच्या कसोटीचे काम असते.

रूप कितीही देखणे असले तरी खेळण्याचे आयुष्य सांध्यात असते. शरीराला बहुधा एबीएस हे टणक प्लॅस्टिक वापरतात. शिंगे, पंजे, शेपटीचे टोक मुद्दाम मऊ ठेवतात, जेणेकरून डोळ्याला इजा होऊ नये. पारदर्शक भाग ठिसूळ असतात आणि बिजागरीचा खिळा अशा भागातून जात असेल तर तेथे तडा जाण्याचा संभव मोठा असतो. जुन्या खेळण्यांतील सोनेरी झाकेचे प्लॅस्टिक तर संग्राहकांच्या धास्तीचा विषय आहे. त्यातील काही मिश्रणे काळाच्या ओघात इतकी ठिसूळ झाली की नुसते हाताळताच त्यांचा चुरा होतो. चांगल्या खेळण्यातील दातेरी सांधा फिरताना कट-कट असा ठाम आवाज करतो आणि सोडले तेथे थांबतो. उखळीचा सांधा ताण पडल्यावर निखळावा, तुटू नये. तो पुन्हा दाबून बसवता येतो. नव्या खेळण्यावर सांध्याभोवती पांढुरकी रेघ दिसली तर प्लॅस्टिक आधीच ताणले गेले आहे असे समजावे.

नकली मालाची खरी ओळख येथेच पटते. मूळ खेळण्यावरून उलटा साचा घेतला की प्रत्येक खोबण किंचित बदलते. परिणामी सांधा एकतर इतका घट्ट होतो की मूल जोर लावते आणि हात मोडतो, किंवा इतका सैल की यंत्रमानव उभाच राहत नाही. रंग मात्र पहिल्या दिवशी अस्सलाहून झगमगीत असतो.

पैसे वाया जाणे हे त्यातल्या त्यात लहान नुकसान. रंगातील शिसे, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने आणि सुटणारे बारीक भाग यांचा धोका मोठा आहे. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत तपासलेल्या आयात खेळण्यांपैकी ६६.९० टक्के खेळणी सुरक्षा चाचण्यांत नापास झाली होती. त्यानंतर २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले. २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. साध्या खेळण्यांना आयएस ९८७३ हे मानक लागू होते, तर दिवे किंवा आवाज असलेल्या विद्युत खेळण्यांना आयएस १५६४४. चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपवर टाकला की परवानाधारकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही हे समजते. दुकानाच्या पायरीवर उभे राहून दोन मिनिटांत होणारे हे काम आहे. मोठे, चकचकीत दुकान म्हणजे हमी असेही मानू नये. २०२३ च्या आरंभी देशभर टाकलेल्या छाप्यांत मॉल आणि विमानतळांवरील दुकानांतूनही विनाचिन्हाची खेळणी जप्त झाली होती. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या सक्तीतून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन लाभलेली खेळणी वगळलेली आहेत, म्हणून तेलंगणातील निर्मळच्या लाकडी खेळण्यांवर हे चिन्ह शोधू नये. ‘पंधरा वर्षांवरील संग्राहकांसाठी’ असे छापलेला महागडा यंत्रमानवही वयाच्या मर्यादेमुळे वेगळ्या गटात पडतो. तो लहान मुलाच्या हाती देणे म्हणजे कायद्याने दिलेले संरक्षण आपणच काढून घेण्यासारखे आहे.

वयाची अट खोक्यावर उगाच छापलेली नसते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी मानकात ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी ठरवून दिली आहे. जो भाग तिच्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. यंत्रमानवाची बंदूक, तलवार, क्षेपणास्त्र हे सारे तिच्यात सहज मावते. त्याहून घातक असतात बटणासारख्या लहान बॅटऱ्या. मुलाने गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजणूक होऊ शकते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद केलेले नसेल तर ते खेळणे परत करावे. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आकारांची नावे गोंधळात टाकतात. हॅस्ब्रोच्या मालांत डिलक्स गटाची उंची सुमारे १४, व्हॉयेजरची १८ आणि लीडरची २२ सेंटिमीटर असते. मोठे म्हणजे अवघड असे समीकरण मात्र नाही. एका झटक्यात रूप बदलणारी मोठी खेळणी चिमुकल्यांसाठीच असतात, तर डिलक्सचे वीस-पंचवीस टप्पे मोठ्यांनाही घाम फोडतात. टप्प्यांची संख्या अनेकदा खोक्यावर दिलेली असते. सहा वर्षांच्या मुलासाठी ती दहाच्या आत असलेली बरी. रूपांतर मुलाला स्वतःला जमले नाही तर प्रत्येक वेळी वडिलांना बोलावले जाते आणि चार दिवसांनी यंत्रमानव मोटारीच्या रूपातच कायमचा राहतो.

निगा राखण्याची रीत हवामानावर ठरते. सिकंदराबादच्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेल्या खेळण्याचे मऊ भाग चिकट होतात आणि रंग उडतो. गोव्याच्या दमट हवेत सांध्यांतील पोलादी खिळे आणि स्क्रू गंजतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी बॅटऱ्या काढून, खेळणे पुसून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवणे इष्ट. घट्ट सांध्याला खोबरेल तेल लावण्याचा मोह आवरावा. त्यावर धूळ बसून चिकटा होतो. सिलिकॉनचा एक थेंब पुरतो. खोक्यातील सूचनापत्रकाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, कारण तो कागद सर्वांत आधी हरवतो आणि मग वाघाचे डोके मोटारीच्या टपातून डोकावत असलेला एक अर्धवट प्राणी महिनोन्‌महिने फळीवर बसून राहतो.