खुर्चीपासून वेळेपर्यंत : कर्मचाऱ्याच्या गरजेनुसार बदलते कार्यालय

वाशिंद, प्रतिनिधी - वाशिंद स्थानकातून मुंबईची लोकल पकडणाऱ्या नोकरदाराचा कामाचा दिवस कार्यालयाच्या दारात सुरू होत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे सुमारे ८० किलोमीटरचे अंतर कापण्यास दोन तासांच्या आसपास वेळ लागतो. जाऊन-येऊन चार तास आणि त्यातील बराचसा प्रवास उभ्याने. त्यानंतर दिवसभर बसावयाची खुर्ची कशी आहे, उजेड कोठून येतो, घटकाभर पाठ टेकण्यास जागा आहे काय, हे प्रश्न चैनीचे नसून प्रकृतीचे ठरतात. कार्यालयाची मांडणी साहेबाच्या सोयीऐवजी काम करणाऱ्याच्या गरजेवरून ठरावी, हा विचार अलीकडे बळावत आहे.

गादीपासून क्युबिकलपर्यंत

पूर्वी दफ्तरातील कारकून जमिनीवर बैठक मारून उतरत्या मेजावर लिहीत असत. ब्रिटिश अमदानीत टेबल-खुर्ची आली आणि साहेबाची बंद खोली व बाहेर कारकुनांच्या रांगा हा नमुना रूढ झाला. रांगांमागचा हेतू एकच, सर्वांवर नजर राहावी. पश्चिम जर्मनीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस या रांगा मोडून मोकळ्या मांडणीचा प्रयोग झाला. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या कल्पनेतून १९६८ मध्ये हलवता येणाऱ्या आडोशांची रचना बाजारात आली. कर्मचाऱ्याला मोकळीक मिळावी, हा तिचा उद्देश होता. कंपन्यांनी मात्र जागा वाचविण्यासाठी तिचे अरुंद क्युबिकल केले.

पुढे हे आडोसेही काढले गेले. भिंती नसल्या की संवाद वाढतो, असा समज होता. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन कंपन्यांच्या अभ्यासात उलट आढळले. मोकळी मांडणी केल्यानंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ई-मेल वाढले.

नव्या मांडणीचे गुणदोष

आता एकाच दालनात कामानुसार निरनिराळ्या जागा ठेवल्या जातात. एकाग्रतेच्या कामासाठी शांत खोली, दूरध्वनीसाठी लहान कक्ष, चर्चेसाठी गोल टेबल, विश्रांतीचा कोपरा. स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष, अपंगांसाठी उतार आणि रुंद दरवाजे यांचाही विचार सुरुवातीपासून होऊ लागला आहे.

कोरोनाच्या साथीनंतर घरून व कार्यालयातून आलटूनपालटून काम करण्याची पद्धत अनेक ठिकाणी टिकली. तिच्याबरोबर 'हॉट डेस्क'ही वाढले. यात कोणाचेही मेज ठरलेले नसते, आधी येईल त्याने मोकळी जागा घ्यावयाची. जागेचे भाडे वाचते, परंतु कसारा मार्गावरची लोकल रखडली की चांगली जागा जवळ राहणाऱ्याला मिळते आणि दोन तासांचा प्रवास करून आलेला प्रसाधनगृहाच्या दाराशी बसतो. नवी म्हणून प्रत्येक रचना सर्वांना सोयीची असतेच असे नाही.

कायदा काय सांगतो?

१९४८ च्या कारखाने कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांतही ती कायम आहे. शहापूर तालुक्यातील कारखान्यांत व भिवंडी परिसरातील गोदामांत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक करण्यात आली, ती २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने. दुकानांतील कर्मचाऱ्यांसाठी केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला.

सरकारी कार्यालयांकडे पाहता, राज्य शासनाने जानेवारी २०२५ मध्ये शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम हाती घेतला. त्यात स्वच्छता, पिण्याचे पाणी, स्वच्छ प्रसाधनगृहे आणि अभ्यागतांसाठी प्रतीक्षा व्यवस्था यांचा समावेश होता. तालुक्याच्या कचेरीत दिवसभर खपणारा कारकून आणि दाखल्यासाठी खेड्यातून आलेला शेतकरी, दोघांनाही याच सोयी लागतात.

वेळ हीसुद्धा रचना

खुर्ची उत्तम असली तरी तिच्यापर्यंत सुखरूप पोहोचावयास हवे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा येथे गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले. त्या वेळी शेजारून गेलेल्या दोन गाड्यांपैकी एक कसाऱ्याकडे निघालेली होती. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्येच आपल्या मुंबई विभागीय कार्यालयात कामाच्या दोन वेगळ्या वेळा लागू करून इतर संस्थांनाही तसे आवाहन केले होते. लांबून येणाऱ्यांसाठी हजेरीच्या वेळेतील तासाभराची सवलत महागड्या फर्निचरपेक्षा मोलाची ठरते.

थोड्या खर्चात काय करता येईल?

वाशिंदसारख्या गावातील पतपेढी, दवाखान्याचे कार्यालय किंवा लेखापालाची खोली यांना वास्तुरचनाकार नेमणे परवडत नाही. तरीही पुढील गोष्टी सहज शक्य आहेत.

- टेबलाची उंची २८ ते ३० इंच असावी. खुर्ची वरखाली होणारी आणि कमरेला आधार देणारी घ्यावी.
- पाय जमिनीला टेकत नसल्यास पायाखाली लाकडी पाट ठेवावा.
- संगणकाचा पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी.
- खिडकी पाठीमागे किंवा थेट समोर न ठेवता बाजूला असावी. त्यामुळे पडद्यावर चकाकी येत नाही.
- समोरासमोरच्या खिडक्या कपाटांनी अडवू नयेत. वीज गेल्यावर वारा तेथूनच येतो.
- दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे, तासातून एकदा उठून फिरावे.
- स्त्रियांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारे प्रसाधनगृह असावे.

मांडणी बदलण्यापूर्वी तेथे बसणाऱ्यांना विचारणे यास तर काहीच खर्च येत नाही. कोणाची मान दुखते, कोणाच्या डोळ्यांवर ऊन येते आणि कोणाची ६.०५ ची लोकल चुकते, हे नकाशावर दिसत नाही. ते त्या खुर्चीत बसणाऱ्यालाच ठाऊक असते.