बोटांची बाराखडी

संगणकावर इनस्क्रिप्ट मांडणीत ‘लातूर’ लिहून पाहा. उजवा हात ल देतो, डावा काना देतो. उजवा त, डावा दीर्घ उकार आणि शेवटी पुन्हा उजवा र. पखवाजावर पडावेत तसे हात आलटूनपालटून पडतात. ही लय कुठून आली, हे शोधत मागे गेलं की वाट शाळेच्या पाटीवरच्या बाराखडीशी येऊन थांबते.

आपल्याकडे मराठी दफ्तर तसं उशिरा आलं. नांदेड आणि लातूर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ला मुक्ती मिळाली, १९६०ला महाराष्ट्र झाला, १९६४ला राजभाषा अधिनियम आला. अर्ज, नोटिसा, आदेश मराठीत टंकलिखित होऊ लागले ते रेमिंग्टन मांडणीच्या यंत्रांवर. इंग्रजी यंत्राच्या सांगाड्यात देवनागरी बसवायची म्हणून अक्षरांचे तुकडे पाडले होते. ‘किल्लारी’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क; अर्ध्या ल चा ठसा निराळा. ‘अर्ज’ लिहिताना अ, ज आणि मग वरचा रफार. कागदावर दिसतं त्या क्रमाने बोटं चालत. तोंडाने म्हणतो तो क्रम बाजूला राही. या मांडणीवर हात बसवून हजारो मुलामुलींनी लिपिकाची नोकरी मिळवली. मराठीत मिनिटाला ३० शब्दांची अट त्यांनी याच मांडणीवर पुरी केली. त्या कष्टांचं मोल मोठंच आहे.

संगणक आला तेव्हा भारतीय लिप्यांसाठी नव्याने विचार करणं शक्य झालं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये इनस्क्रिप्ट मांडणी ठरवली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांचं जे काम उभं राहिलं, ते पुढे ‘जिस्ट’ या नावाने पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेत वाढलं. १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात इनस्क्रिप्टला जागा मिळाली.

या मांडणीत वर्णमालेची शिस्त कळफलकावर उतरली आहे. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, क, त, च, ट. बरोबर त्यांच्या वर ब, ग, द, ज, ड. शिफ्ट दाबली की तीच बोटं फ, ख, थ, छ, ठ आणि भ, घ, ध, झ, ढ देतात. डाव्या हाताला स्वर: ऱ्हस्व मधल्या ओळीत, दीर्घ त्यांच्या डोक्यावर. ल आणि ळ एकाच कळीवर नांदतात. जोडाक्षराला अर्धी अक्षरं हुडकावी लागत नाहीत. पहिल्या अक्षराचा पाय मोडायचा आणि पुढचं द्यायचं. ‘अर्ज’ आता अ, र, पाय मोडणारी कळ, ज असा लिहितात, म्हणजे तोंडाने म्हणतो तसाच. सगळी व्यंजनं उजवीकडे मावली नाहीत. न, म, व खालच्या ओळीत डावीकडे गेले, म्हणून ‘नांदेड’ लिहिताना सुरुवातीचा न, काना आणि अनुस्वार डाव्या हातालाच द्यावे लागतात.

असाच विचार दूर कोरियातही झाला. हंगुल लिपीत व्यंजनं आणि स्वर जोडून एकेका उच्चाराचा चौकोन बनतो. लातूर जिल्हा झाला त्याच १९८२ साली दक्षिण कोरियाने आपली दोन संचांची मांडणी प्रमाण ठरवली: डावीकडे व्यंजनं, उजवीकडे स्वर. हात उलटे, तत्त्व तेच. ज्या लिपीत ध्वनींचे कप्पे आधीच पाडलेले आहेत, तिचा कळफलक त्या कप्प्यांवरच उभा राहतो.

आपल्या सीमेला मात्र इनस्क्रिप्टने आणखी एक देणं दिलं. देगलूर, बिलोलीकडे तेलुगू कानावर पडते. उदगीर, निलंग्याकडे कन्नड. मराठीत ज्या कळीवर क आहे, त्याच कळीवर तेलुगूचा क आणि कन्नडचाही क. मराठीत हात बसलेल्या उदगीरच्या मुलीला कन्नड लिपी वाचता येत असेल, तर लिहायला बोटं नव्याने शिकवावी लागत नाहीत. दक्षिणेच्या भाषांतल्या ऱ्हस्व ए साठीसुद्धा या मांडणीत जागा राखलेली आहे.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की हा कळफलक फुकट मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून मराठी-इंग्रजी अशी ये-जा करता येते. तरीही आपल्या गावांतल्या शिकवण्यांत रेमिंग्टनच घोटून घेतात, आणि घरी मुलं इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीतलं पोर क, ख, ग, घ म्हणत पाटी गिरवतं, तेव्हा त्याचा अर्धा कळफलक पाठ होत असतो. उरलेला अर्धा त्याच्या बोटांना शिकवणं हे आपलं काम आहे.