सुजेतली आम्लता आणि वेदनाशामकाची निवड

दाढेखाली पू धरला की तिथे दिलेले भुलीचे इंजेक्शन नीट लागत नाही, हे दंतवैद्य जाणून असतात. निरोगी ऊतीचा पीएच ७.४, सुजलेल्या जागी तो सातच्या खाली उतरतो. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा पीकेए सुमारे ७.९, म्हणजे त्या पीएचला त्याचे निम्मे रेणू प्रोटॉन बाळगून असतात. पण चेतातंतूचे पटल ओलांडतो तो प्रोटॉन नसलेला, भाररहित रेणूच. असे रेणू ७.४ ला साधारण २४ टक्के, ६.४ ला जेमतेम ३. ही आठपट तूट डोस थोडा वाढवून भरत नाही. म्हणून पुवापासून लांब, निरोगी जागी ब्लॉक देतात.

अफूवर्गीय औषधांचे गणित नेमके उलटे. त्यांना ग्राहीला चिकटायला प्रोटॉनधारी नायट्रोजन लागतो. पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास घडवलेल्या फेंटानिलचा पीकेए ८.४ च्या आसपास आहे. त्यामुळे ७.४ लाच नव्वद टक्के रेणू सज्ज असतात आणि जखमेइतकेच मेंदूत व आतड्यातही काम करतात. श्वास मंदावणे, गुंगी, बद्धकोष्ठ हे सारे त्यातूनच येते.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील क्रिस्टोफ श्टाइन आणि बर्लिनच्याच त्सूझे संस्थेतील गणितज्ञ मार्कुस वेबर यांच्या गटाने ग्राहीऐवजी या प्रोटॉनवर बोट ठेवले. फेंटानिलमध्ये फ्लोरिनचा अणू बसवला. फ्लोरिन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे नायट्रोजनची प्रोटॉनवरची पकड सैल होते. नव्या रेणूचा, एनएफईपीपीचा, पीकेए ६.८ भरला. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार उंदरांच्या सुजलेल्या पंजातली वेदना त्याने शमवली, पण श्वास दडपला नाही की बद्धकोष्ठ केला नाही.

शोधनिबंधाच्या शीर्षकात या औषधाला थेट ‘बिनविषारी’ म्हटले आहे. उंदरांवरच्या प्रयोगांच्या जोरावर केलेला हा दावा मला घाईचा वाटतो. हिशेब मांडला तर ६.४ ला याचे सुमारे ७२ टक्के रेणू प्रोटॉनधारी असतात, ७.४ लाही २० टक्के उरतातच. निवड आहे, पण साडेतीनपटीचीच. डोस चढवत नेला तर ती पुसट होणार. शिवाय जिथे ऊती आंबटलेलीच नाही, तिथल्या दुखण्यावर याच्याकडून फार आशा नको.

मग पीकेए आणखी खाली का आणू नये? तो ६ केला तर ७.४ ला ४ टक्केच रेणू सज्ज राहतील, निवड सातपटीची होईल. पण सुजेतही २८ टक्केच लागू पडतील आणि डोस त्या प्रमाणात वाढवावा लागेल.