साखळीतली नवी कडी



परवा भाची घरी आली होती. ती संगणकाच्या क्षेत्रात आहे. चहा घेता घेता मी विचारले, "तू दिवसभर नक्की करतेस तरी काय गं?"

"दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचते, मामा. चुका काढते."

"म्हणजे वह्या तपासतेस!"

ती हसली. म्हणाली, "हो, पण इथे चूक नजरेतून सुटली तर लोकांचा डेटा जातो."

मग तिने मला एक जुना नमुना समजावून सांगितला. मी पडलो मराठी माध्यमातून बीए झालेला मास्तर, तेव्हा मला कळले तेवढेच सांगतो. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यात २००६ साली ओरॅकल कंपनीची ओसीएफएस-२ नावाची फाइल सिस्टिम आली. अनेक संगणक एकाच वेळी एकच साठा वापरतात, तो सांभाळण्याची ही व्यवस्था. जागा कमी पडली तर काम चालू असतानाच साठा वाढवण्याची सोय २००८ साली, २.६.२५ या आवृत्तीत आली.

हे करतात कसे? साठ्याचे गट पाडलेले असतात आणि ते गट साखळ्यांत ओवलेले असतात. नवा गट आधी बाजूला पूर्ण तयार करायचा. मग कर्नल तो तपासतो. गटातली मोकळी जागा एकूण जागेपेक्षा जास्त तर दाखवलेली नाही ना? गट योग्य ठिकाणी आहे ना? बेरीज मर्यादेबाहेर तर जात नाही ना? एक जरी गोष्ट चुकली तरी गट नाकारला जातो. सगळे बरोबर असेल तर नव्या कडीत आधी जुनी साखळी अडकवायची आणि मगच साखळीचे टोक नव्या कडीकडे वळवायचे. तोवर इतर संगणकांना ती कडी दिसतच नाही. ही सगळी तपासणी लिहिणाऱ्याचा कोडसुद्धा गाभ्यात जाण्यापूर्वी दुसरे जाणकार ओळ न ओळ वाचतात.

'साखळी' हा शब्द ऐकला आणि मला पानशेत आठवले. आपण पुणेकर 'खडकवासला धरणसाखळी' म्हणतो ना, तीच. खडकवासला १८७९ पासूनचे. पुढे त्या साखळीत पानशेत, वरसगाव आणि टेमघर आले. आज पानशेतची क्षमता साडेदहा टीएमसीच्या वर आहे, तर खडकवासल्याची जेमतेम दोन. पण या साखळीत पहिली नवी कडी जोडताना काय झाले, ते माझ्या पिढीला सांगायला नको.

आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधायला १९५७ साली सुरुवात झाली. काम पुरे झालेले नसताना १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू दिले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीची दारे उचलण्याची यंत्रणा पुरी बसलेली नव्हती. अर्धवट उघड्या दारांतून पाणी धडका देत वाहू लागले, मोरी खचली आणि तिच्यावरचा बांध बसत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पण १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खालच्या खडकवासल्याला पेलवला नाही, तेही फुटले आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नवी कडी तुटली ती बरोबर ८२ वर्षांची जुनी कडीही घेऊन गेली!

भाचीला म्हटले, "बघ, तुमच्याकडे आधी तपासणी आणि मग भार. इथे भार आधी आला, आणि तपासायला आयोग बसला तो नंतर."

ती म्हणाली, "पण मामा, आमचा कोड पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबू शकतो. पाऊस कसा थांबेल?"

खरे आहे. नुसते इंजिनियरांना नावे ठेवणे सोपे असते. पण पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो हे सर्वांना ठाऊकच होते. त्या पावसाळ्यात पाणी अडवायचे की नाही, हे माणसांनीच ठरवायचे होते. 'अजून नाही' असे म्हणण्याचा अधिकार कामाबाहेरच्या कुणाला तरी हवा होता.

तो अधिकार कायद्यात लिहिला गेला २०२१ साली. त्या वर्षीच्या धरण सुरक्षा कायद्यानुसार धरण पहिल्यांदा भरण्यापूर्वी राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेने आपल्या अभियंत्यांकडून किंवा स्वतंत्र तज्ज्ञांकडून ते तपासून घ्यायचे आणि ते भरण्यायोग्य आहे का याचा अहवाल तयार करायचा. पानशेत फुटल्याला तेव्हा ६० वर्षे झाली होती.

वर्गात वह्या तपासताना मुले कुरकुरायची, "सर, किती चुका काढता!" आता वाटते, चुका काढणारा माणूस ही मोठी सोय आहे. फक्त त्याला वही वेळेवर मिळायला हवी.

असो. १९६१ च्या तुमच्या घरच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.