यादीत नसलेला बॉलर

२००८ साली अंडर-१९ विश्वचषक जिंकून आलेली पोरं आयपीएलच्या संघांनी ड्राफ्टमध्ये वाटून घेतली. दिल्लीने घरचाच कॅप्टन विराट कोहली सोडून प्रदीप सांगवान उचलला. बॅट्समन भरपूर होते, बॉलर हवा होता. आज आपण हसतो, पण तेव्हा हिशोब बरोबरच वाटला असणार!

मला मात्र जास्त छळतो उमेश यादव. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाण कामगाराचा मुलगा. आमच्या चंद्रपुरातही डब्ल्यूसीएलच्या कॉलनीत अशीच पोरं टेनिस बॉलने खेळतात. पोलीस भरतीत तो लागला नाही. लेदर बॉल हातात आला तोच उशिरा, विशीच्या आसपास. नोव्हेंबर २००८ मध्ये रणजी, २०१० मध्ये आयपीएल (तेही दिल्लीच!), २०११ मध्ये कसोटी. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोचलेला पहिलाच.

आता सांगा, २००७ साली मी कितीही भारी प्रोग्राम लिहिला असता तरी उमेशचं नाव कुठून निघालं असतं? सांगवानच्या नावापुढे निदान आकडे तरी होते. आणि वलनी तर नागपूरच्या उंबऱ्यावर. सिरोंच्याच्या पोराला निवड चाचणीसाठी नागपूर गाठायचं, तर एसटीतच दिवस जातो.