जळगाव-धुळ्याला जाताय? आधी खान्देशची रीत समजून घ्या

जळगाव स्टेशनवर उतरणारे बरेच पर्यटक थेट अजिंठ्याची लेणी गाठतात आणि तसेच परततात. खान्देश पाहायचा राहून जातो. इथल्या चालीरीती घराघरांत जपल्या जातात. त्यामुळे पाहुण्याला कुठे मोकळे दार आहे आणि कुठे थांबायचे, हे आधी ठाऊक असलेले बरे.

बोली कोणती?

धुळे, अमळनेर, चाळीसगाव भागात अहिराणी ऐकू येते. तिच्यात ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. ‘बरं शे’ एवढे म्हटले तरी समोरचा खुलतो. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा बोली आहे. जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) ओव्या याच बोलीतल्या. या बोलण्याची नक्कल करून हसू नये. लोकांना ते लागते.

सगळ्यांसाठी काय खुले?

हिवाळ्यातले भरीत. हिरवी, मोठी वांगी शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजून बडग्याने ठेचतात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी किंवा पुरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. शेवभाजी तर वर्षभर कुठेही मिळते. कार्तिकी एकादशीला जळगावात श्रीरामाचा रथ निघतो, तिथेही कुणाला मज्जाव नाही.

आखाजी म्हणजे काय?

अक्षय्य तृतीयेला इथे आखाजी म्हणतात. हा सासरी गेलेल्या लेकींचा सण. त्या माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी घागर पुजून पितरांना आमरस आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. शेतावरच्या सालगड्याचे वर्षही आखाजीपासून मोजण्याची पद्धत होती.

कानबाईला गेलात तर?

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळाला नथ, दागिने घालून देवी सजवतात. पोटासाठी सुरत, पुणे, मुंबईला गेलेले भाऊ या दिवशी गावी येतात. वर्षभर वेगळी चूल मांडणारेही एकत्र जेवतात.

नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घेतात. दळण, स्वयंपाक, रात्रभराची गाणी बायकांची. मोजणी मात्र पुरुषांची. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, अशी रीत आहे. अनेक घरांत लग्न झालेल्या मुलीलाही रोट देत नाहीत, कारण ती आता दुसऱ्या कुळाची मानली जाते. आखाजीला जिच्यासाठी झोका बांधला, तिलाच श्रावणात रोट मिळत नाही.

म्हणून पाहुण्याने रोट मागू नये आणि मिळाला नाही तर मनाला लावून घेऊ नये. दर्शनाला यायला कुणाची ना नसते. फोटो काढण्याआधी घरातल्या मोठ्या बाईंना विचारावे. सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर निघतात, वाटेत फुगड्या रंगतात. त्या मिरवणुकीत सगळ्यांनाच जागा असते.